टायरवाल्या आक्का

आक्कांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, टायर राहत. कासार आंबोलीजवळ पौड रस्त्याला त्यांचं पत्र्याचं टायरचं दुकान होतं. गाडी थांबली की त्या आधी चाकांकडे बघत, मग सावकाश नजर वर आणत. माझा पुढचा डावा टायर आतून झिजलेला, म्हणून पहिल्याच भेटीत माझं नाव ‘डावे झिजके’ पडलं. एकदा पौडच्या बाजारात मी समोर उभा राहून नमस्कार केला, तर म्हणाल्या, “कोन तुमी? गाडी कुटं हाय?”

मी मूळचा लातूरचा, नोकरीसाठी बावधनला राहायला आलेला. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेतली होती आणि तिला मोठ्या दातांचे, चिखलात चालणारे टायर बसवायची हौस होती.

“रोज जाता कुटं?” आक्कांनी विचारलं.

“ऑफिसला. हिंजवडीला.”

“तितं चिखल कुटं लागतो? लिफ्टमंदी?”

दुकानात बसलेले दोन शेतकरी इतके हसले की एकाच्या कपातला चहा धोतरावर सांडला. आक्का मात्र गंभीर होत्या. “डांबरावर ही टायरं म्हंजी फरशीवर खिळ्याचे बूट. आवाज लई, पकड न्हाई.” त्यांनी मला निम्मे डांबराचे, निम्मे मातीचे टायर घ्यायला लावले.

तेही मी दोनच बदलणार होतो. आक्कांनी मान हलवली. “चारी चाकं वढत्यात ना? मग चारी एका उंचीची पायजेत. तिरडीला एक खांदेकरी बुटका असला, तर मढंबी घसरतं.”

“आक्का, नव्या टायरला तरी जरा शुभ बोला.”

“बरं. वरातीचं घोडं तीन पायावर नाचत न्हाई.”

मी चार टायर घेतले.

नवरा गेल्यावर आक्कांनी एकटीनं दुकान चालवलं आणि लेकीला, शीतलला, शिकवलं. तिचं लग्न डोंगरातल्या एका वाडीत ठरलं. मलाही आमंत्रण होतं, माझ्या गाडीला तर आग्रहाचं. आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला आणि वाडीवर जाणारा कच्चा चढ लाल राडा झाला. नवरीची बस पायथ्याला रुतली. मुहूर्ताला पाऊण तास उरलेला, आणि वरून नवरदेवाच्या मामाचे फोनवर फोन.

नवी कोरी हिरवी साडी नेसलेल्या आक्का माझ्यापाशी आल्या. “डावे झिजके, गाडी आना.”

आणली. त्या चिखलात गुडघ्यावर बसल्या, केसातला आकडा काढला आणि चारही चाकांतली हवा थोडी थोडी सोडली. अंगठ्यानं दाबून बघत म्हणाल्या, “फुगलेला पाय रुततो. पंजा पसरला की माती धरतो.”

पुढे नवरी आणि आक्का, मागच्या हौद्यात पाच करवल्या आणि एक ढोलवाला. निम्म्या चढावर गाडी घसरली. घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबला, तसा चिखल उडून ढोलवाल्याचा फेटा लाल झाला.

“पाय उचला,” आक्का शांतपणे म्हणाल्या. “चिखलाला जोर दावायचा न्हाई. त्येला वेळ द्यायचा.”

मी पाय उचलला. गाडी एखाद्या म्हशीसारखी डुलत, कुरकुरत वर चढू लागली. ढोलवाल्यानं त्या तालावर ढोल धरला, करवल्या किंचाळत एकमेकींवर पडल्या आणि शीतल हसून हसून रडली, काजळ गालावर आलं. आम्ही पोचलो तेव्हा भटजी मंगलाष्टकांसाठी घसा साफ करत होते.

खाली उतरल्यावर आक्का आधी चाकांकडे वळल्या. मी विचारलं, “एवढं कळतं, मग तुम्हीच का नाही चालवली?”

“मला कुटं येती?” त्या म्हणाल्या. “ह्ये शिकवतो म्हनायचे. ऱ्हाऊन गेलं.”

मग दर रविवारी भात काढलेल्या खाचरात आमची शिकवणी सुरू झाली. आक्का समोर बघतच नसत, खिडकीतून वाकून चाकं बघत. दोन बांध आणि एक गवताची गंजी खर्ची पडली, पण दुसऱ्या परीक्षेत लायसन मिळालं.

मागच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि दुकान गेलं. मला वाटलं, आता त्या घरी बसतील. त्यांनी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली, मागे हवेचं यंत्र, जॅक आणि पंक्चरचं सामान लादलं आणि ताम्हिणीकडे, जिथे मैलोन्‌मैल टायरवाला नाही, तिकडे निघाल्या. “इतकी वर्सं गाड्या माझ्याकडं आल्या. आता मी जाते.”

निरोपाला मी एकटाच होतो. आक्कांनी आरसा नीट केला, “मागं कोन न्हाई ना?” असं विचारलं, आणि उजवा इंडिकेटर लावून ऐटीत डावीकडे वळल्या.