गोंदासारखा चिकटा

हे मी लिहिणारच नव्हते, पण राहवलं नाही.

आमच्या शेजारच्या मास्तरांच्या गाडीचा एसी बंद पडला तेव्हा त्यांनी गल्लीभर बोंब मारली, की बालमित्र असून मेकॅनिकने भंगार कॉम्प्रेसर गळ्यात मारला. त्याच्याशी बोलणं बंद, आणि नवा कॉम्प्रेसर घरीच बसवायचा हट्ट.

दुसऱ्या गॅरेजमध्ये एसीतला गॅस काढून घेतला, अंगणात पट्टा सोडवला, जुना कॉम्प्रेसर उतरवला. आत गोंदासारखा चिकटा. मास्तर गारच पडले. गॅसची गळती थांबवायचं बाटलीतलं औषध मित्राला न विचारता त्यांनीच आत सोडलं होतं, तेच आता घट्ट झालं होतं.

"काय सापडलं?" बायकोने विचारलं.

"माझंच शेण."

"मग जा की भावजींकडे."

"कुठल्या तोंडाने?"

"गल्लीभर बोंबललात, त्याच."

मास्तर कॉम्प्रेसर घेऊन गेले, सगळं सांगितलं. मित्राने चिकट्यावर बोट फिरवलं. "गाढवा, नळ्यापण धुवाव्या लागतील. चल."

त्याने माफ केलं. पण ती बोंब ऐकून गल्लीने त्याच्याकडे गाड्या न्यायचं तोवर सोडलं होतं. मास्तर आता दारोदार खरं सांगत फिरतात. लोक हसून "बरं बरं" म्हणतात, आणि ते मान खाली घालून पुढच्या दारी जातात.

तुम्हीही कुणाबद्दल असं बोलून बसला असाल, तर लवकर जाऊन भेटा ना त्याला.