कनातीतली लाँच

महाराज बाड्यावर भर बाजारात थांबायचं, बोट तोंडात घालून ओलं करायचं आणि हवेत उभं धरायचं, असं करणारा माणूस उभ्या ग्वाल्हेरात एकच होता. ते आमचे सारंगकाका. वारा कुठून येतोय हे कळल्याशिवाय ते भाजीसुद्धा घेत नसत. मागून टांगेवाले ओरडत, सायकलवाले त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करत, आणि काका आपले डोळे बारीक करून उभेच. मग समाधानानं म्हणत, "पश्चिमेची हवा चालून राहिली आहे. आज काम होईल." काम म्हणजे पाव शेर भेंडी.

सारंग म्हणजे जहाज हाकणारा. ग्वाल्हेरात समुद्र कुठला असणार? पण गावाबाहेर तिघऱ्याचा मोठा तलाव होता, त्या तलावावर एका सरदारांची खाजगी लाँच होती, आणि ती लाँच काका चालवत. त्यांचं खरं नाव गणपतराव. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, घोडदळातले. काकाही सरदारांच्या पागेतच नोकरीला होते. एकदा सरदारसाहेब मुंबईला गेले आणि तिथं त्यांना ही पांढरी, पितळी कठड्यांची लाँच आवडली. ती त्यांनी रेल्वेनं मागवून घेतली. मग ती चालवणार कोण असा प्रश्न आला, तेव्हा पागेतला सगळ्यांत शांत माणूस म्हणून गणपतरावांना काही दिवस मुंबईला शिकायला धाडलं. ते परत आले तेव्हा डोक्यावर काळ्या पट्टीची पांढरी टोपी होती. ती टोपी पुढे लग्नकार्यातसुद्धा उतरली नाही.

शिकून आले तरी माणूस मुळात घोड्यांचाच राहिला. लाँच सुरू करण्याआधी तिच्या बाजूवर थाप मारत. तेल घालण्याला दाणापाणी म्हणत. इंजिन रुसलं तर हत्यारं न काढता आधी थोडा वेळ तिच्याजवळ नुसते बसून राहत. "तिचं मन नाहीये आज," असं सरदारसाहेबांना तोंडावर सांगायची त्यांची छाती होती, आणि ते ऐकून घ्यायची साहेबांची सवय होती. गंमत म्हणजे काकांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. कुणी हसलं की शांतपणे विचारत, "घोड्यावर बसणारा घोड्याच्या आत जातो का? मग मी पाण्याच्या आत कशाला जाऊ?"

माझी त्यांची ओळख झाली ती बायकांच्या सहलीमुळे. मी तेव्हा जयेंद्रगंजात राहत होते. नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि सरदारांच्या मुलीला, ताईसाहेबांना, इंग्रजी शिकवायला जात होते. दिवाळीनंतर तलावाचं पाणी निवळलं की घरातल्या बायकांना एक दिवस लाँच मिळे. सरदारसाहेबांच्या आई, म्हणजे आईसाहेब, त्यांच्या सूनबाई, ताईसाहेब आणि शिकवणीवाली म्हणून मी, एवढ्याच आम्ही. घरात गोषा कडक होता. म्हणून लाँचला चारही बाजूंनी कनात लावत, आणि पुरुष एकच, सारंगकाका. ते कनातीबाहेर पुढच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसत. इतक्या वर्षांत त्यांनी आईसाहेबांचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. आवाजावरून आणि बांगड्यांवरून ते सगळ्यांना ओळखत.

आता, कापडाच्या चार भिंतींत बसून जलविहार कसा होत असेल याची कल्पना करा. पहिल्या वर्षी म्हणे दिवसभर फिरून झाल्यावर उतरताना आईसाहेबांनी सुनेला विचारलं होतं, "तलाव कोणत्या बाजूला होता गं?" त्यांनी ते चेष्टेनं विचारलं नव्हतं. कनातीबाहेर काकांनी ते ऐकलं आणि त्यांना फार लागलं. कनात वर करायची सोय नव्हती, तसा हुकूमच होता. पण खाली बघू नका असं काही कुणी म्हटलेलं नव्हतं. पुढच्या वर्षीपर्यंत काकांनी सुताराला हाताशी धरून लाँचच्या तळाला चौकोनी भोक पाडलं आणि त्यात एक जाडजूड काच डांबर लावून पक्की बसवली. सरदारसाहेबांना कळलं तेव्हा ते आधी चिडले, मग वाकून स्वतःच अर्धा तास बघत बसले.

ती काच म्हणजे आमचं सगळं जग होतं. आम्ही गालिचावर पालथ्या पडून तिच्याभोवती डोकी जुळवत असू. खाली हिरवी पाणवेल डुलत असे, त्यातून चांदीसारखे मासे झटकन वळत, एखादं कासव पोट दाखवत जाई. काचेच्या कडेनं थोडं पाणी झिरपे, ते एका तांब्यानं उपसायचं काम माझ्याकडे. बाहेरून काका माहिती पुरवत, "आता खाली झाडं येतील बघा, तलाव भरायच्या आधीची आहेत." आणि खरंच बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे दिसू लागत. कचोऱ्या, थालीपिठं, तिळाची गजक सगळं बाजूला तसंच पडून राही. आईसाहेब तर जेवायलाही उठत नसत. घरात ज्यांच्या खाकरण्यानं नोकरचाकर सरळ उभे राहत, त्या बाई त्या दिवशी गालाखाली हात घेऊन मुलीसारख्या पडून राहत.

मग संस्थानं विलीन झाली, ग्वाल्हेर मध्यभारत नावाच्या नव्या राज्यात गेलं. आमच्या घरी रोज संध्याकाळी कुणाची नोकरी राहिली, कुणाची गेली, याच गोष्टी. तलाव नव्या सरकारचा झाला. जहागिरीचंही काही खरं नव्हतं, तेव्हा सरदारसाहेबांनी लाँच सरकारला देऊन टाकायचं ठरवलं. देण्याच्या दिवशी त्यांनी बायकांना शेवटची फेरी दिली. सूर्य कलला की नवा साहेब धरणावर येणार होता, आणि सरदारसाहेब त्याच्याजवळ काकांसाठी शब्द टाकणार होते, की लाँचबरोबर हा माणूसही ठेवून घ्या. काकांना बायकोमुलं नव्हती. लाँच गेली असती तर त्यांच्याजवळ ती टोपी तेवढी उरली असती. त्या सकाळी त्यांनी पांढरा गणवेश कडक इस्त्री करून घातला होता.

पाणी त्या दिवशी असं स्वच्छ होतं की काच आहे हेच विसरायला व्हावं. दुपारी तलावाच्या मध्यावर काकांनी इंजिन बंद केलं. मग आईसाहेब उठून बसल्या आणि कनातीकडे तोंड करून म्हणाल्या, की आपलं माहेर कृष्णेच्या काठी होतं, लग्न होईपर्यंत आपण रोज नदीत पोहत होतो, आणि ग्वाल्हेरला आल्यापासून घंगाळापलीकडे पाणी अंगाला लागलेलं नाही. आज एकदा उतरायचं आहे. सूनबाईंनी हातातली कचोरी खाली ठेवली.

"आईसाहेब," काका बाहेरून म्हणाले, "साहेबांना कळलं तर संध्याकाळी ते माझ्यासाठी बोलायचे नाहीत. माझी लाँच जाईल."

"हो, ते आहेच," आईसाहेब म्हणाल्या. "मग राहू द्या." आणि परत काचेशी जाऊन पडल्या. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणूनच ते ऐकवलं नाही.

थोड्या वेळानं कनातीच्या दोऱ्या हलू लागल्या. काका आमच्याकडे पाठ करूनच एका बाजूची कनात सोडवत होते. त्यांनी दोन बांबू बाहेर काढून बांधले आणि कापड त्यांच्यावरून पाण्यात सोडलं. लाँचच्या अंगाला पाण्याची एक खोलीच तयार झाली, तिन्ही बाजूंनी बंद. "असं साफ पाणी रोज नाही मिळत," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी एका लांब रस्सीचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं कापडाखालून आत सरकवलं. आईसाहेबांनी ते हातातून सोडायचं नाही, अशी त्यांची एकच अट होती. त्यांना बघता येणार नव्हतं, पोहता येत नव्हतं. रस्सी ओढली जातेय तोवर सगळं ठीक आहे, एवढाच त्यांचा हिशेब.

आईसाहेबांनी नऊवारीचा काचा घट्ट मारला आणि पाण्यात उतरल्या. क्षणभर वाटलं, यांना आता काही आठवत नसणार. पण त्यांनी एकदा दम घेतला, तोंड पाण्यात घातलं, आणि हात असे काही लांबवले की आम्ही बघतच राहिलो. उघड्या डोळ्यांनी त्या खाली बघत होत्या. वर आल्या की सांगत, "अगं, काचेतून काहीच दिसत नाही." बाहेर काका रस्सीचे हिसके मोजल्यासारखे मान हलवत होते, ते मला कापडाच्या फटीतून दिसत होतं. मी त्यांना मधूनमधून सांगत होते, आहेत, ठीक आहेत. ते म्हणत, "मला कळून राहिलं आहे."

आणि मग आईसाहेबांनी रस्सी सोडली. मुद्दाम सोडली, मी पाहिलं. सूर मारला आणि त्या थेट लाँचच्या खाली गेल्या. दुसऱ्याच क्षणी ताईसाहेब किंचाळल्या. तळाच्या काचेत खालून आईसाहेबांचा चेहरा आला होता. पांढरे केस चहूकडे पसरलेले, गाल फुगलेले, आणि डोळ्यांत हसू. आम्ही तिघीही ओरडलो ते आनंदानं, पण बाहेर बसलेल्या माणसाला ते कसं कळावं? त्यांच्या हातात सैल पडलेली रस्सी होती आणि कानांत आमच्या किंकाळ्या. धप्पकन आवाज झाला. सारंगकाकांनी उडी मारली होती.

ते दगडासारखे खाली गेले. आईसाहेब दुसऱ्या बाजूनं वर आल्या, त्यांनी प्रकार पाहिला, पुन्हा बुडी मारली आणि काकांना कॉलरला धरून वर आणलं. आम्ही कमरेची रस्सी ओढून त्यांना कसेबसे वर घेतले. खोकून खोकून बिचाऱ्यांचा जीव चालला होता, पण डोळे मात्र गच्च मिटलेले. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "आईसाहेब सुखरूप आहेत ना?" आईसाहेबांचा हात अजून त्यांच्या कॉलरवर होता.

परतताना काकांनी शाल घेतली नाही. टोपी सापडली होती, ती पिळून डोक्यावर ठेवली. धरणाशी लाँच लागली तेव्हा सरदारसाहेब आणि नवा साहेब उभेच होते. हा साहेब बाहेरगावचा, हिंदी बोलणारा, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. आमच्यासाठी लाँचपासून मोटारीपर्यंत दोन्ही बाजूंनी कनात धरली होती, त्यातून आम्ही चाललो होतो आणि सगळं ऐकू येत होतं. साहेबानं विचारलं, हा माणूस इतका भिजला कसा. काका म्हणाले, "पैर फिसल गया, हुजूर." तैरना आता है? काकांनी तेही खरं सांगितलं, "नहीं आता." साहेब वाईट नव्हता. तो सरदारसाहेबांना समजुतीनं म्हणाला, की जो शांत पाण्यात घसरून पडतो आणि ज्याला पोहताही येत नाही, त्याच्या हाती सरकारी लाँच कशी द्यायची? आम्ही आमचा माणूस पाठवू.

माझ्यापुढे चालणाऱ्या आईसाहेब थांबल्या. सूनबाईंनी त्यांचा पदर धरला, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. मग कनात उचलली आणि त्या बाहेर गेल्या. ओले केस पाठीवर तसेच होते.

"गणपतराव पडले नाहीत," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या. "मी पोहत होते. मी बुडाले असं वाटून त्यांनी उडी घेतली. पोहता येत नसताना घेतली. सांगा त्यांना."

साहेबाला काहीच समजलं नव्हतं. तो गोंधळून म्हणाला, "ये माताजी कौन हैं?"

सरदारसाहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या वेळी ते काहीही सांगू शकले असते. त्यांनी खाली बघून घसा साफ केला. "हमारी माँ हैं," ते म्हणाले, आणि आईसाहेबांचा शब्दन् शब्द त्यांनी हिंदीत सांगितला. काही गाळलं नाही. साहेबानं आईसाहेबांना हात जोडले आणि काकांकडे वळून पाहिलं. तिथले शिपाई, मोटारवाला, कनात धरणारे, सगळेच आईसाहेबांकडे बघत होते. काका तेवढे तलावाकडे तोंड करून उभे होते.

नोकरी त्यांना मिळाली. सरदारसाहेब आईशी कित्येक दिवस बोलले नाहीत म्हणतात, पण त्यानंतर घरातला गोषा आपोआप सुटत गेला. काकांनी सरकारी लाँचही खाजगी घोडीसारखीच सांभाळली. पुढे पुन्हा राज्यांची फेररचना झाली. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे कचेऱ्या गेल्या, कारकून गेले, आमच्या गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं गेली, आणि एक दिवस लाँचलाही तिथल्या तलावावर न्यायचा हुकूम आला. मालगाडीच्या उघड्या डब्यावर तिला दोरांनी बांधलं होतं. काका तिच्याबरोबर निघाले होते. मला रडू आवरत नव्हतं, आणि मी ते आवरलंही नाही.

आईसाहेब स्टेशनवर आल्या त्या पडदा न लावलेल्या टांग्यानं. काकांनी नेहमीसारखी मान खाली घालून मुजरा केला आणि तसेच जमिनीकडे बघत उभे राहिले. गाडीनं शिटी दिली.

"गणपतराव, वर बघा," आईसाहेब म्हणाल्या.

काकांनी टोपी काढून हातात घेतली. मग हळूहळू मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"बघितलंत?"

"जी."

"मग जा आता."