दुसरी जीप

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत सगळ्यात मोठा आवाज शांततेची संस्था चालवणाऱ्या मॅडमचा. हवामान बिघडल्यापासून पाऊस कधीही कोसळतो, आणि बंधाऱ्यात पाणी अडवणारे बरगे काढायचे की ठेवायचे यावरून वरचं गाव नि खालचं गाव भांडतात. मग मॅडम दोन्हीकडच्यांना बंधाऱ्यावर घेऊन जातात.

"गाडी एकच हाय, पावणं! सरकून बसा की!" त्या ओरडतात.

एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात.

काल गल्लीत गाडीत चढताना खालच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं माझ्या दारातल्या, ताडपत्रीनं झाकलेल्या जीपकडं बोट केलं. "ही कुणाची वो?"

जीप संस्थेचीच. परवाच सर्व्हिसिंग झालंय. मॅडम पहिल्यांदाच गप्प झाल्या.

"माझी," मी म्हणालो. "बंद हाय."