हेलनबाईंनी केलेलं अपील

ऑस्ट्रेलियाला जायला आमच्या गावाहून, साखऱ्याहून निघालो त्या दिवशी जीप फाट्याजवळ थांबली, कारण रस्त्यात मेंढरं होती आणि ती आमचीच होती. मला सोडायला बा घरी थांबला नव्हता. जनावर उपाशी ठेवून निरोप कसा द्यायचा, असं तो म्हणाला होता. जीपच्या खिडकीतून त्यानं माझ्या नव्या बुटांकडं पाहिलं आणि विचारलं, "काहून रं मारोती, त्यांच्या देशात मेंढरं राखायला माणसं न्हाईत का?" ड्रायव्हर हसला, मीही हसलो. बा काही हसला नाही. त्यानं कळप कडेला घेतला आणि आमची जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली. नव्वदचं दशक सरत आलं होतं.

परभणीला मी जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकलो होतो, मग मेंढीपालनाच्या कोर्ससाठी ऑस्ट्रेलियात गेलो आणि कोर्स झाल्यावर तिथल्याच एका फार्मवर कामाला लागलो. धाकटी बहीण सुमन फोनवर विचारायची, दादा, तिथलं रान कसंय? उन्हाळ्यात अगदी आपल्या माळासारखं, पिवळं आणि कुसळांचं. फक्त त्याला शेवट नाही. बाला आपली एकेक मेंढी चालीवरून ओळखू यायची. तिथं मेंढीच्या कानाला नंबराचा बिल्ला होता, आणि मी मोटारसायकलवरून शीळ घालत कळप वळवायचो. घरच्यांशी बोलायचं तर गावातल्या करीमचाचांच्या किराणा दुकानातल्या फोनवर. चाचा कुणाला तरी घराकडं पिटाळायचे आणि माय येईपर्यंत पाऊसपाण्याचं मलाच विचारत राहायचे.

फार्म हेलनबाईंचा होता. नवरा वारलेला, वय साठीच्या पुढं, आवाज खणखणीत. दोन मुलगे होते, एक शहरात बँकेत, दुसरा लंडनला. मला कायमचं ठेवून घ्यायचं बाईंनी ठरवलं. तिथं त्यासाठी आधी मालकानं सरकारकडं नॉमिनेशन करावं लागतं, म्हणजे असं पद आपल्याकडं आहे आणि त्यावर हाच माणूस हवा, हे पटवून द्यायचं. ते मंजूर झालं तरच माझा व्हिसा.

ते नामंजूर झालं. एवढ्या फार्मला कायमचा पगारी माणूस लागेलच असं दिसत नाही, घरची माणसं सांभाळू शकतील, असं कारण दिलं होतं. वकील म्हणाले, अपील करायचा हक्क मालकिणीचा आहे, तुझा नाही. आणि निकाल लागेपर्यंत देश सोडू नकोस, गेलास तर परत येता येईल याची खात्री मी देत नाही.

बाईंनी काही दिवस वकिलांचे कागद तसेच ठेवून दिले. मला वाटलं, कंटाळल्या असतील. माझ्यासाठी त्यांनी काहून एवढं करावं? एका सकाळी गोठ्याच्या फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अपील करू आपण. तिथं मला काय बोलावं लागेल ते कळलंय मला. तेवढ्यासाठीच थांबले होते." त्या कशाबद्दल बोलत होत्या हे मला तेव्हा उमगलं नाही.

अपील लांबत गेलं आणि इकडं सुमनचं लग्न ठरलं. बा तारीख पुढं ढकलायला तयार होता. सुमनच फोन हातात घेऊन म्हणाली, "दादा, तू येऊ नको. आलास अन् परत जाता आलं न्हाई, तर तुझं नुकसान माझ्या लग्नामुळं झालं, असं मला जन्मभर वाटंल." नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा होता. तो चुलतभावानं घेतला. त्या दिवशी मी कुंपणाच्या तारा ओढत होतो. मनात मोजत होतो, आता हळद, आता मंगलाष्टका, आता पंगत. दुसऱ्या दिवशी माय म्हणाली, "समदं बराबर झालं. तू तकलीफ करून घेऊ नको." आणि लगेच फोन करीमचाचांकडं दिला. तिला रडू आलंय हे मला कळू नये म्हणून.

सुनावणी शहरात होती. खोली साधीच. बाईंनी ठेवणीतला निळा कोट घातला होता. वकिलांनी फार्मचं काम समजावून सांगितलं, मलाही दोन प्रश्न विचारले गेले. मग टेबलापलीकडच्या, निकाल देणाऱ्या गृहस्थांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला दोन मुलगे आहेत. पुढंमागं त्यांच्यापैकी कुणी येऊन फार्म बघेल, असं नाही का होणार?"

बाई माझ्याकडं बघून मग त्यांच्याकडं वळल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "ते येणार नाहीत. दोघंही चांगले आहेत, फोन करतात, नाताळाला येतात. पण परत येणार नाहीत. हे मी आजवर कुणापुढं बोलले नव्हते."

त्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं. मी बाईंच्या शेजारी बसलो होतो आणि मला दिसत होती माय, चाचांच्या दुकानात फोन धरून उभी.

काही महिन्यांनी निकाल आला. आधीचा नकार रद्द झाला होता. पुढं माझा व्हिसाही झाला. वकिलांनी अभिनंदन केलं तेव्हा मी पहिलं विचारलं, "आता गावाकडं जाऊन येऊ शकतो ना?"

गेलो. जावयानं भर अंगणात कान पुढं केला, सगळे खदखदून हसले. सुमनचं लेकरू माझ्याकडं यायला तयार नव्हतं. बाचा कळप निम्मा झाला होता, गुडघे दुखत होते, पण त्याची तक्रार नव्हती. दुपारी जेवणं झाल्यावर मी मायला हेलनबाईंचं सगळं सांगितलं. खोलीत त्या काय बोलल्या तेही सांगितलं.

माय भाकरीचं टोपलं झाकता झाकता थांबली. "म्हणजे तुला तिथं ठेवायसाठी तिला असं बोलावं लागलं?"

"व्हय."

"लई मोठ्या मनाची बाई." मग तिनं टोपलं झाकलं. ताटं आवरली, पाण्याचा तांब्या जागेवर ठेवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "अन् मला कुणी इचारलं, तुझा पोरगा माघारी येणार हाय का, तर मी काय सांगू?"

"येणार म्हणून सांग," मी म्हणालो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं घर तिकडं आहे, माझी पोरं तिकडच्या शाळेत जातात आणि मेंढरांना इंग्रजीत हाका मारतात. तिकडं भेटलेल्या आपल्याकडच्या कुणी मला घर कुठं असं विचारलं, तर मी अजून साखराच सांगतो. तिथं माय आहे. लोक विचारतात तेव्हा ती माझ्या शब्दावर सांगते, येणार हाय.