स्वातीचं इंटरनेट आणि मी उचललेला फोन

गटातल्या सगळ्यांना नमस्कार. मी इथे नुसता वाचतो, पण आज लिहावंसं वाटलं.

माझी पत्नी सुमन जाऊन चार महिने झाले. घरात मी आणि मुलगी स्वाती. ती अकरावीला, इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला आहे. तिच्यासाठीच घरी फोनच्या लाइनवर चालणारं इंटरनेट घेतलं.

दुपारी पाचोऱ्याहून अक्काचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, ऑफिसात फोन आला. "दोन तास तुना घरना फोन लागस नही. पोर कोनासंगे बोलस? माय नही तिले, ध्यान ठेव."

खरं तर शंका मलाही होती. हल्ली ती दार लोटून बसते. मी अर्धी रजा टाकून घरी आलो. दार लोटलेलंच होतं. हॉलमधला रिसीव्हर हळूच उचलून कानाला लावला. कोणाचा आवाज नव्हता, नुसती कर्कश शिट्टी होती.

स्वाती बाहेर आली. "पप्पा, फोन उचलला का? उद्याच्या प्रॅक्टिकलचं सर्किट इंटरनेटवरून उतरवत होते. पाऊण तास लागला होता. तुटलं सगळं."

"अक्काला लावायचा होता."

"मग आधी बोलून घ्या." ती समोरच उभी राहिली.

लावावाच लागला. अक्कानं इतक्या मोठ्यानं विचारलं की स्वातीलाही ऐकू गेलं, "काय रे भाऊ, सापडना का तो पोऱ्या?" म्हणजे, सापडला का तो मुलगा?

स्वाती आत गेली. सुमन असती तर तिनं सरळ दार उघडून विचारलं असतं. आता मी स्वातीशी बोलायला सुरुवात कशी करू?