मामांचा सतरा नंबर

शिपाईमामांना बाकावर बसता येत नसे. गुडघे ठणठणीत होते, पंचावन्नाव्या वर्षीही ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. पण आमच्या रहिमतपुरातल्या शाळेत अठ्ठावीस वर्षं त्यांनी बाक उचलले, मोजले, ठोकून सरळ केले. वर बसले मात्र कधी नाहीत. त्यामुळे पहिल्या शनिवारी गणिताचे सर “बसा मामा” म्हणाले, तेव्हा मामांनी आधी बाक हलवून पाहिला, वाकून खालचा खिळा तपासला, फडक्याने माझीही जागा पुसली आणि मग कुठे टेकले. तेवढ्यात सर खडू घ्यायला उठले, तर मामा पुन्हा ताडकन उभे.

त्या वर्गात आम्ही दोघंच. मी बत्तीस वर्षांची, नववीतून उठवून बोहल्यावर चढवलेली, घरी ब्लाउज शिवणारी बाई. आणि दुसरे मामा. दोघांनीही सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सर आम्हाला हौसेने शिकवत. मला दहावी का हवी होती याची माझ्याकडे चार वेगवेगळी उत्तरं होती. मामांचं एकच होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतली परिचराची जागा रिकामी होती. बढतीने ती मामांना मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी दहावी पास लागे, आणि मामा नववी नापास. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. “परीक्षानळ्या मीच धुतोय, ॲसिडचं कपाट मीच लावतोय, बरणीतला बेडूकबी मीच सांभाळतोय,” मामा म्हणत. “काम समदं हाय, कागूद तेवढा न्हाई.”

मामांच्या कानावर काही पडलंच नव्हतं असं मात्र नाही. सूचनेची वही घेऊन ते रोज वर्गावर्गांतून फिरत आणि वर्गावरच्या बाई सही करेपर्यंत दाराशी उभं राहून जे चाललं असेल ते ऐकत. असं अठ्ठावीस वर्षं. त्यामुळे त्यांना सगळंच थोडं थोडं येई, फक्त सलग काही येत नसे. अ तुकडीत सुरू झालेली फ्रेंच राज्यक्रांती ब तुकडीच्या दाराशी जाईपर्यंत पचनसंस्थेत शिरायची. राजाला पकडल्यावर पुढे काय झालं, असं मी त्यांना एकदा धडा पाठ करून घेताना विचारलं, तर मामा गंभीरपणे म्हणाले, “पुढं ल्हान आतड्यात जातंय.” मी पोट धरून हसले. गावातल्या साऱ्या सुनांना मामा सूनबाईच म्हणत; मला म्हणाले, “हसू नका सूनबाई. राजाचं पुढलं क तुकडीत व्हतं, पर तितं पोचस्तवर माझी टोल द्यायची येळ झाली.”

खरा घोळ गणिताचा. एक्स म्हटलं की मामा बिथरत. “ह्यो एक्स कोन? कुटल्या हजेरीत हाय?” असं त्यांनी सरांना तोंडावर विचारलं. सर हुशार. म्हणाले, “मामा, वर्गात पन्नास पोरं. मोजली तर सत्तेचाळीस. मग?” मामा म्हणाले, “तीन पळाली. वड्याकडंला असत्याल.” सर म्हणाले, “ती पळालेली म्हणजे एक्स.” त्या दिवसापासून मामांची गाडी जी सुटली ती सुटली. समीकरण दिसलं की ते मिशीवरून हात फिरवत आणि म्हणत, “चला, कोन पळालंय बघू.” उत्तर आलं की दोनदा अधोरेखित करत, जणू पोराला कानाला धरून आणलंय.

मार्चमध्ये परीक्षा शेजारच्या गावातल्या केंद्रावर होती. मराठीच्या पेपराला मामा दीड तास आधी पोचले आणि तेवढ्या वेळात त्यांनी खोलीतले सगळे बाक पुसले, खिडक्यांच्या कड्या लावल्या. पेपर सुरू झाल्यावर मागच्या पोराने पाणी मागितलं, तर मामा उत्तरपत्रिका पालथी घालून उठायलाच लागले. पर्यवेक्षक बाई वयाने त्यांच्या मुलीएवढी. ती म्हणाली, “काका, तुम्ही परीक्षेला बसलाय.” मामा ओशाळून म्हणाले, “व्हय की. इसरलोच.”

मग आला बीजगणिताचा दिवस. पेपर अवघड होता. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा माझा आलेख अर्धाच काढून झाला होता आणि माझ्या पुढच्या बाकावर मामा शेवटच्या उदाहरणाशी झटत होते. वेळ झाली, पण घंटा काही झाली नाही. तिथला शिपाई कुठे गुंतला होता कोण जाणे. बाईंचं लक्ष घंटेकडे, घंटेचा पत्ता नाही, आणि आम्ही सगळे माना खाली घालून नुसते लिहीत सुटलो. देव पावला असं मी मनात म्हणतेय, तोच मामांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. एकदा व्हरांड्याकडे बघत, एकदा उदाहरणाकडे. शेवटी उठले, बाईंच्या हातात पेपर दिला, चालत बाहेर गेले, आणि खुंटीवरचा लाकडी ठोकळा काढून लोखंडी पट्टीवर त्यांनी असे काही टोल हाणले की केंद्रप्रमुख चहाचा कप घेऊनच बाहेर धावले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तसेच आत गेले. वेळ बरोबर चार मिनिटांनी टळून गेली होती. आमच्या खोलीतल्या पोरांनी मामांच्या नावाने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

येताना एसटीत मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. “मामा, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का? सोताचा पेपर सोताच्या हातानं संपीवला! नोकरीचं तरी बघायचं!”

मामा खिडकीतून उसाकडे बघत होते. म्हणाले, “सूनबाई, अट्टावीस वर्सं मी टोल देतोय. पोरं रडायची, ‘मामा, एकच मिनिट थांबा’ म्हनायची. एकालाबी दिलं न्हाई. आज माझं गणित अडलं म्हून मीच चार मिनटं घिऊ व्हय?”

“तुमी नका घिऊ. मला तर घिऊ द्यायची!”

यावर मामा हसले आणि मला त्यांनी शेंगदाण्याचा लाडू दिला. मी रागारागाने तो खाल्ला.

निकाल लागला. मी गणितात काठावर सुटले आणि मामा काठावर बुडाले. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात थोडक्यात गेलं. मला ती चार मिनिटं आठवून आठवून वाईट वाटायचं, मामांनी मात्र त्यांचं नावसुद्धा काढलं नाही. त्यातच हेडक्लार्कने सांगितलं, की दिवाळीपर्यंत भरली नाही तर परिचराची जागा रद्द होणार. म्हणजे जुलैची फेरपरीक्षा हीच काय ती संधी. मी पास झाले होते, तरी शनिवारी शिलाई बाजूला ठेवून मामांच्या शेजारी जाऊन बसत होते. सर शिकवत आणि मी मामांकडून पळालेली पोरं शोधून घेत होते.

दिवाळीच्या तोंडावर मामांची ऑर्डर निघाली. दोन वर्षं त्यांनी प्रयोगशाळा देवघरासारखी ठेवली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी पुढे बारावी केली, आता पदवी करतेय. पण मामा म्हटलं की मला आठवते ती ऑगस्टमधली दुपार. फेरपरीक्षेचा निकाल मोबाईलवर लागला होता आणि मामा बैठक क्रमांकाची चिठ्ठी घेऊन माझ्या शिलाईच्या मशीनपाशी उभे होते. मी नंबर टाकला.

“मामा, आईचं नाव सांगा.”

“तिला कशाला मदी घेता? जाऊन ईस वर्सं झाली तिला.”

“तिच्या नावाबिगार निकाल उघडत न्हाई.”

मामांनी हातातली चिठ्ठी सरळ केली. मग हळूच म्हणाले, “हौसाबाई.” चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, “नववीत नापास झालो तवा मोठ्या सरांच्या पाया पडली व्हती. पोराला आनि एकडाव बसू द्या म्हनली. त्यांनी व्हय म्हटलं. मीच न्हाई गेलो.”

मी नाव टाकलं. निकाल उघडला आणि मी ओरडलेच, “मामा, पास!”

“वरनं वाचा,” मामा म्हणाले.

मी त्यांचं नाव वाचलं. खालच्या ओळीत आईचं नाव होतं, तेही वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी मामांनी मोबाईल आपल्या हातात घेतला, बाकावरून वाचायला उठवलेल्या पोरासारखे सरळ उभे राहिले, आणि अक्षरांवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, “आईचे नाव, हौसाबाई.” गुण किती पडले ते त्यांनी त्या दिवशी पाहिलंच नाही.