दिवस मावळायच्या आत

माझा नवरा कुठल्याही गोष्टीला पहिल्या झटक्यात "बरं" म्हणाला, की मी हातातलं काम टाकून धावते.

लोकांच्या बायका यासाठी देव पाण्यात घालतात. आमच्याकडं सगळंच उलटं. मी म्हटलं आज उकडतंय, तर हे म्हणणार, कुठं उकडतंय, वारं सुटलंय की! सगळा संसार असाच वादावादीत गेला. पण यांना साखरेचा आजार आहे, इन्सुलिन घेतात, आणि रक्तातली साखर एकदम उतरली की सगळ्यात आधी यांचं भांडण जातं. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं पंप-मोटारींचं दुकान आहे. एकदा तिथं एका गिऱ्हाइकानं मोटार निम्म्या किमतीला मागितली आणि हे म्हणाले, "बरं." दुकानातल्या माणसानं लगेच मला फोन लावला, "वहिनी, मालकांचं काय तरी बिनसलंय." मी रिक्षा करून पोचले तेव्हा हे गल्ल्यामागं फरशीवर पडले होते. डोळे उघडे, पण मला ओळखेनात. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये गुळाचे खडे भरलेली डबी असते, अगदी देवळात जातानासुद्धा.

त्यात यांचा नियम. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही घरातली रीत. मी कधीमधी चुकवते, खोटं कशाला बोलू? पण सासूबाई गेल्यावर यांनी मुनिमहाराजांपुढं हात जोडून नियमच घेतला, की सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. डॉक्टर चिडले. खुद्द महाराज म्हणाले, आजारी माणसाला सूट असते. हे म्हणाले, सूटच घ्यायची तर नियम कशाला घ्यायचा? बोला आता! घरी ते निभतं. मी कुकर उतरवला की हे पोटाला सुई टोचून ताटावर बसतात आणि "वाढ" म्हणतात. सुईनंतर लगेच खाल्लं नाही तर साखर उतरते, पण ताटाला कधी उशीर झाला नाही, कारण वाढणारी मी आहे.

लेकीच्या बाळंतपणाला लंडनला जायचं ठरलं, तेव्हा मला विमान पडायची भीती नव्हती. मला भीती होती ती त्या जेवणाची. जैन जेवण आधीच सांगून ठेवलं होतं. पण ते कधी येणार, ते कुणाच्या हातात?

दुपारचं विमान मुंबईहून सुटता सुटता संध्याकाळ झाली. आमच्या जागा डाव्या बाजूला. खिडकीशी एक दांडगे गृहस्थ, मधे हे, कडेला मी. पुढच्यानं खुर्ची मागं टाकली ती थेट यांच्या गुडघ्यावर. "एसटीत तरी पाय पसरता येत्यात," हे म्हणाले. मला बरं वाटलं. कुरकुर चालू आहे तोवर काळजी नाही.

उन्हाची तिरीप येत होती म्हणून हवाई सुंदरीनं खिडक्यांची झाकणं ओढून घ्यायला सांगितली. आत मिणमिणता उजेड राहिला. खिडकीवाल्यानं डोळ्यांवर पट्टी चढवली आणि घोरायला लागला. यांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडं होतं. ते घड्याळ कोल्हापूरची वेळ दाखवत होतं. मग पुढून जेवणाच्या गाड्या निघाल्या. गरम अन्नाचा वास आला आणि यांनी शर्ट वर करून इन्सुलिनचं पेन काढलं.

"अहो, थांबा. ताट हातात तर येऊ दे!"

"ते काय आलंय की! दिवस मावळायला अजून वेळ हाय. माझं मला कळतंय."

टोचली. माझ्या स्वयंपाकघरावर ठेवावा तसा भरवसा त्या गाडीवर ठेवला या माणसानं! गाडी आमच्यापासून दोन ओळींवर आली आणि विमान धाडदिशी खाली गेलं. कुणीतरी किंचाळलं. पट्टे बांधायची सूचना झाली आणि त्या पोरी गाड्या ढकलत मागं निघून गेल्या. जैन ताट त्याच गाडीत होतं. मी बघत राहिले.

विमान हादरत होतं, थांबायचं नाव नाही. मी डबी उघडली. "एक खडा तोंडात धरा."

"मी काय आजारी हाय?"

"ताट येईपर्यंत धरा."

"ताट येईल की. गूळ खाऊन भूक मारू व्हय?"

इथपर्यंत ठीक होतं. पण गाडी आलीच नाही. हे घड्याळ बघत राहिले, आणि मग घड्याळ बघायचं बंद करून हात मांडीवर ठेवून बसले.

"मावळला," म्हणाले. "आता न्हाय."

"अहो, सुई घेतलीय तुम्ही!"

"म्हणून काय झालं? मावळला म्हणजे मावळला."

मी हात जोडले. लेकीची शपथ घातली. शेवटी सगळ्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पुण्य कमवायला तुम्ही, आणि विधवा व्हायला मी काय?" पलीकडच्या बाईनं वळून बघितलं. बघू दे! हे नुसतं मान हलवत होते. यांच्या कपाळावर घाम आला होता. एवढा गारठा, मी विमानातलं पातळ पांघरूण गळ्यापर्यंत ओढून बसलेली, आणि यांची कॉलर ओली.

"डोकं दुखतंय काय?"

हे समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत बसले.

"मी त्या हवाई सुंदरीला बोलावते हं."

"बरं," हे म्हणाले.

शाहूपुरीतली फरशी डोळ्यांपुढं आली. मी डोक्यावरचं बटण दाबलं, परत दाबलं, दाबतच राहिले. पण सगळ्यांना पट्टे बांधून बसवलेलं, कोण येणार? आणि इथं रिक्षा नाही, दवाखाना नाही, खाली जमीनसुद्धा नाही. मी गुळाचा खडा यांच्या ओठांशी नेला.

"तोंड उघडा."

"बरं."

आणि उघडलं. लहान मुलासारखं. माझा हात तिथंच थांबला. खडा आत ढकलला की काम झालं असतं. पण ज्या माणसानं महाराजांचंही ऐकलं नाही, त्याचा नियम त्याला शुद्ध नसताना मी मोडायचा? आणि नाही मोडला, तर? देवा, असली परीक्षा कुणावर आणू नकोस.

तेवढ्यात त्या घोरणाऱ्या गृहस्थांच्या बाहीवर मला उजेडाची एक बारीक रेघ दिसली. झाकण खालून जरासं उघडं राहिलं होतं. मी पट्टा सोडला, यांच्यावरून आणि त्या गृहस्थांच्या पोटावरून आडवी झाले आणि झाकण वर फेकलं.

लख्ख ऊन! ढगांच्या वर, चांगला हातभर वर, सूर्य. मावळायचा पत्ता नाही. आम्ही त्याच्याच मागं तर पश्चिमेला निघालो होतो, आणि हे कोल्हापूरच्या घड्याळात बुडून बसले होते.

"अहो, बघा! दिवस हाय! दिवस हाय बघा!"

ते गृहस्थ दचकून उठले, इंग्रजीत काहीबाही बोलले. मी यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवलं. डोळे मिचमिचले. दिसलं की नाही, देव जाणे. मी खडा आत घातला, वर दुसरा, आणि गाल चोळत बसले. "चघळा, चघळा" म्हणत होते आणि रडत होते. त्या गृहस्थांना काय कळलं कुणास ठाऊक, त्यांनी आपला रुमाल काढून यांचं कपाळ पुसलं.

ताट आलं ते बऱ्याच वेळानं. चांदीच्या कागदाखाली भात, पिवळं वरण आणि मऊ पडलेली पोळी. मी पोळीचा तुकडा मोडून यांच्या तोंडात दिला. हे चावत राहिले. दुसरा, तिसरा. मग तोंड वाकडं केलं.

"ह्याला वरण म्हणायचं? पाणी हाय नुसतं."

मी पदर तोंडाला लावला.

जेवण झाल्यावर हे बराच वेळ खिडकीकडं बघत होते. सूर्य तिथंच होता. मग घड्याळ बघितलं.

"आपला सूर्य तर मावळलाय की गं. कोल्हापुरातला."

"दोन सूर्य हाईत काय?"

यांनी घड्याळावर बाही ओढली. मग हळू विचारलं, "बाहेर खरंच अंधार असता, तर?"

"तरी घातला असता."

"मला न विचारता?"

"न विचारता."

हे माझ्याकडं बघत राहिले. माझा हात परत डबीवर गेला. आता हा माणूस "बरं" तर म्हणणार नाही ना?

"मग जन्मभर भांडलो असतो तुझ्याशी," हे म्हणाले.

"भांडा की," मी म्हटलं. "जन्मभर भांडा."